तारांगणांच्या फलकांवरील ‘पहिले’ आणि ‘सर्वांत जुने’

अगस्ती (प्रश्न):
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी तारांगणांवर भित्तिपत्रक करत आहे. पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल, टिळक रोड येथे १९५४ साली सुरू झालेल्या कुसुमबाई मोतीचंद तारांगणाचा उल्लेख कुठे ‘भारतातील पहिले’, तर कुठे ‘आशियातील पहिले’ असा आढळतो. यांपैकी काय लिहावे?

मृगशीर्ष:
‘आशियातील’ नको. जपानमधील ओसाका येथे १९३७ सालीच जर्मनीच्या झाइस कंपनीचा प्रक्षेपक (घुमटावर तारे दाखवणारे यंत्र) बसला होता आणि पुढच्याच वर्षी टोकियोतही. टोकियोचा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. ओसाकाचा मात्र १९८९ पर्यंत चालला आणि आता तेथील विज्ञान संग्रहालयात जपून ठेवला आहे.

वाटसरू:
अशा दाव्यांची खरी गंमत त्यांच्या अटींत असते. म्युनिकच्या संग्रहालयात झाइसच्या प्रक्षेपकाचे प्रात्यक्षिक २१ ऑक्टोबर १९२३ रोजी झाले, पण तो लोकांसाठी कायमचा खुला झाला ७ मे १९२५ रोजी. म्हणून शताब्दीही २०२३ ते २०२५ अशी ऐसपैस साजरी झाली. जर्मनीतीलच येना शहराचे तारांगण १९२६ चे, तरी अजून चालू असलेल्यांत स्वतःला सर्वांत जुने म्हणवते. आणि नेदरलँड्समधील फ्रानेकर येथे आइसे आइसिंगा या लोकर विंचरणाऱ्या गृहस्थाने १७७४ ते १७८१ या काळात आपल्या बैठकीच्या खोलीच्या छतावर लाकडी चाकांची आणि लोलकाच्या घड्याळाची सूर्यमाला बसवली, ती आजही फिरते आणि तिच्यातील शनीला एका फेरीस खऱ्या शनीइतकीच, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. तेही ‘सर्वांत जुने चालू तारांगण’च! दोघेही खोटे बोलत नाहीत, कारण एकाचा अर्थ प्रक्षेपणाचे सभागृह आणि दुसऱ्याचा यंत्ररूप प्रतिकृती. जाहिरातीत जागा कमी पडली की आधी ही अटच गळते, हे मात्र मला खटकते.

रेवती:
शिकागोचे अ‍ॅडलर तारांगण (१९३०) ‘पश्चिम गोलार्धातील पहिले’ असे म्हणवते. अट शब्दांतच आहे, त्यामुळे वाद उरत नाही. ‘सर्वांत मोठे’ दिसले, तर घुमटाचा व्यास की आसनसंख्या, एवढे विचारावे.

अगस्ती:
आभार. ‘भारतातील पहिले, १९५४’ एवढेच लिहितो आणि साल मोठ्या अक्षरांत घेतो. शेजारी ओसाकाच्या प्रक्षेपकाच्या चित्राला जागा आहे. आइसिंगाच्या छतासाठी मात्र दुसरा कागद जोडावा लागेल.