'प्रक्षिप्त' म्हणावं की 'पदरचं'?

ओसरी:
इंग्रज लेखक टोलकीनच्या 'मध्यभूमी' या कल्पित जगावर ॲमेझॉनने २०२२ मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका आणली. तिच्यावर जुने वाचक एवढे का भडकले, यावर एका दिवाळी अंकासाठी लिहितेय. मालिकेत मिथ्रिल धातूची जन्मकथा आहे: डोंगरावरच्या एका झाडासाठी एल्फ या अमर जमातीतला योद्धा आणि बॅलरॉग हा अग्निराक्षस झुंजतात, झाडावर वीज कोसळते आणि त्यातलं सिल्मरिल या दिव्य रत्नाचं तेज मुळांवाटे डोंगरात उतरतं. टोलकीनने हे कुठेही लिहिलेलं नाही. मी 'ही कथा प्रक्षिप्त आहे' असं लिहिलं, तर संपादकांनी शब्द खोडला. म्हणाले, प्रक्षिप्त म्हणजे मूळ लेखकाच्या नावाखाली गुपचूप घुसडलेलं. इथे पेन आणि मॅके या मालिकाकारांची नावं श्रेयनामावलीत आहेत, चोरी कुठली? वर 'काल्पनिक' हा शब्द सुचवलाय. अहो, एल्फही काल्पनिकच की! काय वापरू?

तिरफळ:
'पदरचं'. नाटकात नट पदरची वाक्यं घालतो, तसं. लेखक ओरडतो, पब्लिक टाळ्या वाजवतं. कधी उलटंही होतं.

जुनं खोड:
'पदरचं' फार मवाळ आहे. रागाची ही तऱ्हा मराठीला नवी नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं:
ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥
मूळ कृतीवर जीव असलेल्या वाचकाची तक्रार इतक्या कमी शब्दांत दुसऱ्या कुणी मांडली असेल तर दाखवा. शब्द 'प्रक्षिप्त'च ठेवा.

पाठभेद:
संपादकांची व्याख्या मला पटत नाही. प्र + क्षिप् म्हणजे आत टाकणं. टाकणाऱ्याची नियत त्या शब्दात नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट मूळ संहितेतून काढून परिशिष्टात गेली. ती कुणी लबाडीने घातली असं कोणी म्हणत नाही. सांगता सांगता पोथीत आली असेल. मात्र प्रक्षिप्त ठरवायला आधी हस्तलिखितं लागतात, मूळ संहिता ठरवावी लागते. मालिकेची वेगळी संहिता आहे. तिच्यात काहीच 'प्रक्षिप्त' नसतं, फार तर मुळाला सोडून असतं.

ओसरी:
पण चाहत्यांच्या मनात संहिता एकच असते ना? भांडण तिथेच आहे. खलनायक सौरॉनचं जादूच्या अंगठ्या घडवण्याचं कारस्थान आणि न्यूमेनॉर बेटाचं बुडणं यांत पुस्तकात सतराशेहून जास्त वर्षं आहेत. मालिकेने ती एका माणसाच्या आयुष्यात कोंबली. याला मी 'प्रक्षिप्त' म्हणत नाही, घातलेलं काहीच नाही, नुसतं चेपलंय. मिथ्रिल मात्र घातलंय.

गच्चीवरून:
मूळ संहिता म्हणजे नेमकी कुठली? मध्यभूमीच्या पुराणकथांचं 'सिल्मरिलियन' टोलकीन गेल्यावर १९७७ मध्ये निघालं. मुलाने, ख्रिस्तोफरने, कागदांच्या ढिगातून ते जुळवलं. जोडकामाच्या काही जागा लिहाव्याही लागल्या. त्या जागांना पोरकट चाहते वेदवाक्य मानतात. शिवाय त्या पुस्तकाचे हक्क मालिकेकडे नव्हतेच. त्यांना टोलकीनच्या 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबऱ्या आणि दुसरीची परिशिष्टं, एवढ्यावर घर चालवायचं होतं. पदरचं घालणार नाहीत तर काय करणार?

जुनं खोड:
'पोरकट' मागे घ्या. वडिलांच्या कागदांशी पंचेचाळीस वर्षं बसणारा मुलगा आणि कंत्राटावर नेमलेले पटकथाकार एका रांगेत बसत नाहीत.

गच्चीवरून:
चाहत्यांना म्हटलं, ख्रिस्तोफरला नाही. वाचा की नीट.

भुईमूग:
इंग्रजीत ज्याला कॅनन म्हणतात त्याला मराठीत काय? 'अधिकृत' चालेल?

पाठभेद:
नाही चालणार. मालिका अधिकृतच आहे. टोलकीनच्या वारसांनी २०१७ मध्ये हक्क दिले. अधिकृत असूनही ती प्रमाण मानायची नाही, हाच तर चाहत्यांचा पवित्रा. म्हणून 'प्रमाण'. नाहीतर सरळ 'कॅनन' लिहा, वाचणाऱ्याला कळतं.

जुनं खोड:
कळतं म्हणून उद्या क्रियापदंही इंग्रजी घ्या.

भुईमूग:
'चिल' केव्हाच घेतलंय, काका.

तिरफळ:
अवांतर आहे, पण बोलतोच. प्रत्येक ओरडणारा मिथ्रिलसाठी ओरडत नव्हता. आरोंदिर हा एल्फ सावळ्या रंगाचा दाखवला म्हणून कलाकारांना काय काय ऐकावं लागलं, आठवा. त्यालाही लोक 'मुळाशी प्रतारणा'च म्हणत होते. लेखात दोघांना 'चाहते' म्हणू नका. मिथ्रिलवाला चाहता, दुसऱ्याला वेगळा शब्द शोधा.

ओसरी:
'भक्त'? पण त्या शब्दाला हल्ली हात लावायची सोय नाही.

गच्चीवरून:
आणि निष्ठेचं कौतुक किती करायचं? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या २००१ च्या सिनेमात दिग्दर्शक पीटर जॅक्सनने टॉम बॉम्बडिल हे पात्र गाळलं, ग्लॉरफिंडेल या एल्फचं काम आर्वेन या नायिकेला दिलं. तेव्हा हेच लोक तणतणत होते. आता तेच सिनेमे दाखवून मालिकेला झोडपतात. बॉम्बडिल मालिकेच्या दुसऱ्या पर्वात आला, तर म्हणे असा का आणला. वीस वर्षांत प्रक्षिप्ताचं प्रमाण होतं बघा.

जुनं खोड:
ज्ञानेश्वरीत नरोटी मुरली नाही, नाथांनी काढली म्हणून.

भुईमूग:
पण नरोटी म्हणजे करवंटीच ना? आमच्या शाळेत बाईंनी 'नारळाची शेंडी' सांगितलं होतं.

पाठभेद:
करवंटीच. अमृताच्या ताटात शेंडी ठेवून काय साधणार?

बार्शीकर:
आमची आजी रोजच्या बोलण्यात नरोटीच म्हणायची. 'नरोटीत मीठ काढून ठेव.' पुण्यात आल्यावर करवंटी शब्द कळला. नर म्हणजे माणूस, त्याच्या कवटीसारखी दिसते म्हणून नरोटी, असं ती सांगायची.

पाठभेद:
आजींना नमस्कार, पण व्युत्पत्ती गोड आहे म्हणून खरी ठरत नाही. 'नारिकेल'कडून का आली नसावी?

बार्शीकर:
नारिकेलातला 'ट' कुठून आला ते सांगा, मग आजीला कळवतो.

तिरफळ:
आमच्याकडे करटी. तिला दांडा लावला की दोय, तीच डाळ वाढायला. त्यामुळे ताटाशी करटीचं आमचं काही वाकडं नाही. ओवी घाटावर लिहिली गेली म्हणून तिथे नरोटी टाकाऊ ठरली.

जुनं खोड:
नाथ पैठणचे. पैठणला घाटावर कोण म्हणतं?

तिरफळ:
कोकणातून पाहिलं की सगळाच घाट.

ओसरी:
मंडळी, रविवारी मजकूर द्यायचाय. तूर्त 'पदरची कथा' लिहून पाठवतेय, आणि ओवी चौकटीत घेतेय.

जुनं खोड:
ओवी घ्या, पण 'मऱ्हाटी'चं 'मराठी' करू देऊ नका. मुद्रितशोधक हमखास करतात.

पाठभेद:
काही छापील प्रतींत 'मराठी'च आहे.

जुनं खोड:
कोणत्या? प्रत सांगा.