मदत हवी आहे : कुत्रीच्या तळव्याची चीर बांधावी की उघडी ठेवावी?

आमच्या कुत्रीच्या पुढच्या पंजाच्या गादीला काच लागून उथळ चीर पडली आहे. दाबून धरल्यावर रक्त थांबले, आत काच उरली नसल्याची उजेडात खात्री केली आणि कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावून गॉज सैलसर बांधले; हायड्रोजन पेरॉक्साइड निरोगी पेशींनाही इजा करते, म्हणून टाळले. सूज, पू किंवा लंगडणे नाही. तसे दिसल्यास पशुवैद्याकडे नेऊच. मात्र पाय टेकताच गादी पसरून मिटत आलेली चीर पुन्हा उकलते, आणि उघडी ठेवली तर ती सतत चाटते. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात कोन (शंकूच्या आकाराची कॉलर) घातला की बिचारी जागची हलतही नाही. अशा वेळी घरात नुसता सुती मोजा पुरेल, की चीर भरेपर्यंत पट्टी रोज बदलत बांधूनच ठेवावी?