मदत हवी आहे : जुन्या अल्बमला चिकटलेली नाणी सुखरूप कशी काढू?

नमस्कार मंडळी,

आजोबांचा नाण्यांचा अल्बम आता माझ्याकडे, इंदूरला आहे. त्यात होळकरांची नाणी आहेत : नंदी असलेले तांब्याचे पाव आणे, यशवंतरावांचा चेहरा असलेला १९३५ चा अर्धा आणा. शिवाय पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये. पानं मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. ते प्लॅस्टिक चिकट झालंय, उघडलं की नव्या रेनकोटसारखा वास येतो आणि तांब्यावर हिरवट, तेलकट थर दिसतो. काही नाणी तर कप्प्याला अशी धरून बसलीत की हलतच नाहीत.

शेवटच्या पानांवर प्रकार वेगळा. पुठ्ठ्याच्या चौकोनात नाणं, मधे पारदर्शक खिडकी, कडेने स्टेपलच्या पिना. पिना गंजल्यात.

प्रत्येक कप्प्यात आजोबांची बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी आहे : नाणं कुठे मिळालं, कोणी दिलं. मला नाण्याइतकीच ती चिठ्ठीही हवी आहे.

सराफ्यात एकांना दाखवलं, तर म्हणाले पॉलिश करून देतो, नवीकोरी दिसतील. घरातून चिंच-मिठाचा सल्ला मिळाला. देवाची भांडी चिंचेने लख्ख होतात हे खरं, पण नाण्याचा वरचा थर एकदा गेला की गेला. मला ती चमकवायची नाहीत, फक्त वाचवायची आहेत.

चिकटलेलं नाणं ओढायचं की प्लॅस्टिक कापायचं? ॲसिटोन (तेलकट थर विरघळवणारा द्रव) तांब्याला चालतं का? आणि नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे तेच का?

प्रतिसाद :

ताई, पॉलिशला नाही म्हणालात ते फार चांगलं केलंत. तुमचे कप्पे पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचे दिसतात. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य कालांतराने बाहेर झिरपतं, आणि प्लॅस्टिक जुनं झालं की त्यातून आम्लही सुटतं. तांब्यावर ते हिरवं होऊन बसतं. म्हणजे काढायला उशीर नको.

आधी प्रत्येक कप्प्याचा चिठ्ठीसकट फोटो घ्या, मग चिठ्ठ्या वेगळ्या करा. ॲसिटोनने बॉलपेनची शाई विरघळते, हे विसरू नका.

नाणं ओढू नका. लहान कात्रीने कप्पा तीन बाजूंनी कापा, टोक नाण्यापासून लांब ठेवून, आणि प्लॅस्टिक वर उचला. नाणं जागेवर राहू दे, हलायचं ते प्लॅस्टिकने. तरीही सुटलं नाही तर तो तुकडा नाण्यासकट ॲसिटोनमध्ये ठेवा. पकड सैल होते.

ॲसिटोन शुद्धच हवं. रिमूव्हरमध्ये सुगंध, रंग, तेल घातलेलं असतं, ते नको. काचेची वाटी, उघडी खिडकी, आणि स्वयंपाकघरात अजिबात नाही : त्याची वाफ ठिणगीनेही पेटते. तांब्याला चालतं, पण आधी एखाद्या साध्या नाण्यावर बघा. बुडवा, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढा, आपोआप वाळू द्या. पुसायचं नाही, कापसानेसुद्धा नाही. नाणं कायम कडेला धरा, खाली मऊ टॉवेल पसरा.

धागाकर्ती :

मनापासून आभार! आधी फोटोच घेते. पिनांचं काय? आणि हिरवं सगळं निघेल ना?

प्रतिसाद :

पिना पकडीने मागून सरळ करून एकेक उपसून काढा. पुठ्ठा फाडून नाणं बाहेर घेतलंत, तर पिनेचं टोक चेहऱ्यावरून ओरखडा काढतं आणि तो भरून येत नाही.

तेलकट थर निघेल. धातूत खोल गेलेलं हिरवं ॲसिटोनने जात नाही, ते खरवडू नका, तसंच राहू द्या. नंतर नाणी पॉलिस्टरच्या कडक पाकिटांत ठेवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, इंदूरच्या पावसाळ्यात लागतेच. चिठ्ठी वेगळ्या पाकिटात, दोन्हींवर एकच क्रमांक. जुना अल्बम मात्र त्या डब्याजवळ ठेवू नका.