डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांसाठी मदतीची यादी: नुसते फोन नंबर पुरतील का?

बटमोगरा:
मंडळाच्या वेबसाइटवर घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी एक पान करायचं आहे, अमेरिका आणि ब्रिटन दोन्हींसाठी. बहुतेकींची परिस्थिती सारखीच असते: व्हिसा नवऱ्याच्या जिवावर, स्वतःचं बँक खातं नाही, पासपोर्ट त्याच्या कपाटात. सध्या पानावर अमेरिकेची राष्ट्रीय हॉटलाइन (१-८००-७९९-७२३३), ब्रिटनची (०८०८ २००० २४७), न्यू जर्सीची मानवी, न्यूयॉर्कची सखी, शिकागोचं अपना घर, बे एरियातली मैत्री, ह्यूस्टनची दया आणि लंडनच्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स एवढं आहे. यात काय राहिलं? आणि कोणत्या सल्ल्याने उलटं नुकसान होऊ शकतं?

उंबरठा:
संस्था योग्य आहेत, मांडणी बदला. पानावरचा पहिला प्रश्न "तुम्ही कुठे राहता" हा नको, "नवऱ्याचं स्टेटस काय" हा हवा. अमेरिकेत सगळे रस्ते तिथूनच फुटतात.

नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर 'व्हॉवा' (बायकांवरील हिंसाचाराविरुद्धचा अमेरिकी कायदा) खाली ती आय-३६० हा अर्ज स्वतः भरू शकते. त्याची सही लागत नाही, फी नाही, आणि इमिग्रेशन खातं त्याला कळवत नाही. पत्रव्यवहारासाठी दुसरा सुरक्षित पत्ता देता येतो. घटस्फोट झाला असला तरी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, मात्र घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवावा लागतो.

नवरा एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर आय-३६०चा हा रस्ता बंद. इथेच सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला दिला जातो. "व्हॉवा सगळ्यांना लागू होतो" असं कुठे लिहिलं असेल तर आजच काढा. एच-फोरवरच्या (एच-वनबीवाल्याच्या बायकोचा डिपेंडंट व्हिसा) बाईसाठी आय-७६५व्ही नावाचा वेगळा फॉर्म आहे, त्यावर दोन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळू शकतं. नेहमीच्या एच-फोर वर्क परमिटसाठी (ईएडी) नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे गेलेली लागते, ती अट इथे नाही. दुसरा रस्ता यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाचा. त्यासाठी गुन्ह्याची तक्रार, तपासात सहकार्य आणि पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी सही केलेलं सप्लिमेंट बी (सहकार्याचा दाखला देणारा फॉर्म) हवं. सही झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज गेला नाही तर ती सही वाया जाते. वर्षाला दहा हजारच यू व्हिसा दिले जातात, त्यामुळे रांग अनेक वर्षांची आहे. हे स्पष्ट लिहा, खोटी आशा लावू नका.

आणि एक वाक्य ठळक अक्षरात: घटस्फोटाचा हुकूम झाला की एच-फोर संपतो. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठायचा, फक्त घटस्फोटाचा वकील पुरत नाही. वर लिहिलेल्या संस्थांकडे अशा वकिलांचे संपर्क असतात, त्यांचा खरा उपयोग इथे होतो.

टेम्सकाठ:
ब्रिटनमध्येही तोच प्रश्न, सापळा मात्र वेगळा. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला असेल, तर आधी एमव्हीडीएसी नावाची, घरात छळ झालेल्या परदेशी जोडीदारांसाठीची सवलत मागायची. २०२४च्या फेब्रुवारीपर्यंत तिला डीडीव्हीसी म्हणत, जुन्या पानांवर तेच नाव सापडेल. मंजूर झाली की तीन महिने काम करता येतं, सरकारी भत्ते आणि घरासाठी मदत मागता येते. त्या तीन महिन्यांतच कायम वास्तव्याचा एसईटी-डीव्ही अर्ज गेला पाहिजे.

स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थ्याच्या बायकोलाही ही सवलत आता मिळते, पण तिच्यासाठी पुढे कायम वास्तव्याचा रस्ता नाही. सवलत घेतली की आधीचा डिपेंडंट व्हिसा जातो आणि तीन महिन्यांनी हातात काहीच उरत नाही. म्हणून तिने नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराशी बोलल्याशिवाय तो फॉर्म भरू नये. "लगेच अर्ज करा" एवढंच पानावर असेल, तर आपणच तिला खड्ड्यात ढकलतो आहोत.

मोबाइलवरून ९९९ (ब्रिटनचा आणीबाणीचा नंबर) लावला आणि बोलता येत नसेल, तर सूचना ऐकून ५५ दाबायचं, कॉल पोलिसांकडे जातो. मात्र ५५ दाबल्याने ठिकाण आपोआप कळत नाही. शक्य होईल तेव्हा हळू आवाजात पत्ता सांगायचा, किंवा ऑपरेटरच्या प्रश्नांना बटण दाबून, नुसतं खोकून उत्तर द्यायचं.

सुईदोरा:
फोनबद्दल थोडं. फॅमिली प्लॅन असेल तर खातं ज्याच्या नावावर, त्याला लावलेले नंबर दिसू शकतात. लोकेशन शेअरिंग आणि दोघांचा एकच ॲपल आयडी यांनी तर सगळंच उघडं पडतं. पहिला फोन लायब्ररीतून, डॉक्टरांच्या क्लिनिकमधून किंवा मैत्रिणीच्या मोबाइलवरून करावा. नवा ईमेलही त्याच्या हाताला कधीच न लागणाऱ्या यंत्रावर उघडावा आणि त्यात फोटो ठेवावेत: पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, व्हिसा, दोघांचे आय-७९७ (इमिग्रेशन खात्याच्या मंजुरीच्या नोटिसा), विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले. आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) पासपोर्ट नंबरवरून सरकारी साइटवर स्वतः काढता येतो.

दुभाषी मागताना "मराठी" असंच सांगायचं. भीतीच्या वेळी मोडक्या हिंदीत दिलेला जबाब पुढे विसंगत ठरतो. आणि नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी म्हणून बसवायला साफ नकार द्यायचा.

बटमोगरा:
हे अगदी कामाचं आहे. "सुट्टीला जाऊन ये" म्हणून भारतात पाठवायचं आणि मागून तिकडे घटस्फोट दाखल करायचा, अशा केसमध्ये काय लिहू?

वहीखाते:
परदेशी कोर्टाची नोटीस आली की गप्प बसायचं नाही, आणि घाईने उत्तरही द्यायचं नाही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात सांगितलंय: हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशात दिलेला घटस्फोट इथे मान्य नाही, पण बाईने स्वेच्छेने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला तर गोष्ट बदलते. म्हणून उत्तर वकिलाकरवीच द्यायचं आणि अधिकारक्षेत्र मान्य नाही हे त्यात आधी नोंदवायचं.

इकडे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती सध्या माहेरी राहत असेल तर तिथल्याच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, तात्पुरतं राहणंही चालतं. वकिलाच्या फीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (हेल्पलाइन १५१००). बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, उत्पन्नाचा दाखला मागितला तर १९८७च्या कायद्याचं कलम १२ दाखवायचं. राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय कक्षाकडेही तक्रार द्यावी. ब्रिटनमधल्या केसमध्ये आणखी एक: नागरिकाने किंवा कायम रहिवाशाने बायकोला असं परदेशात टाकून दिलं असेल, तर तिला तिथे परतण्यासाठी २०२४पासून वेगळा अर्ज करता येतो.

ती अजून तिकडेच असेल आणि पासपोर्ट नवऱ्याने दडवला असेल, तर भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. मात्र त्यावर फक्त भारतात परतता येतं, पुन्हा तिकडे जाता येत नाही.

मुलांबद्दल स्वतंत्र चौकट करा. भारत १९८०च्या हेग करारात (परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याचा करार) नाही म्हणून "मुलांना घेऊन इकडे निघून ये" असं नातेवाईक सुचवतात. अमेरिकेत १९९३पासून मूल दुसऱ्या पालकाच्या हक्काआड देशाबाहेर नेणं हा फेडरल गुन्हा आहे. आधी तिथल्या कोर्टात संरक्षण आदेशासोबत मुलांचा तात्पुरता ताबा आणि प्रवासाची परवानगी मागायची, तिकीट त्यानंतर.