जी.आय. बिल: अमेरिकेचा मध्यमवर्ग खरंच या कायद्याने घडवला का?

पिंपळपान

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत अमेरिका एवढी पालटली ती कशाने, यावरून परवा मित्राशी बराच वाद झाला. तो म्हणतो कारखान्यांमुळे, मी म्हणतो कायद्यामुळे. 22 जून 1944 रोजी, युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जी.आय. बिलावर (जी.आय. म्हणजे अमेरिकेचा साधा सैनिक) सही केली. परतणाऱ्या सैनिकाला कॉलेजची फी आणि राहण्याखाण्याचा भत्ता, घरकर्जाला सरकारी हमी, आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला 20 डॉलर, जास्तीत जास्त 52 आठवडे. पहिल्या महायुद्धातले सैनिक 1932 मध्ये बोनस मागायला वॉशिंग्टनला जमले, तेव्हा सरकारने त्यांच्यावर लष्कर घातलं होतं. ती चूक पुन्हा करायची नव्हती.

सुमारे 78 लाख सैनिकांनी शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला, त्यातले 22 लाख कॉलेजात गेले. ज्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, तिथली मुलं इंजिनियर झाली. गेल्या शतकात सामान्य माणसाला इतकं वर उचलणारा दुसरा कायदा मला तरी दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कातरवेळ

साफ असहमत. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता हे मान्य. पण तो राबवायचा कुणी? अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या माजी सैनिकांच्या समितीचे अध्यक्ष होते दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचे जॉन रँकिन, वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते. सगळा कारभार राज्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या हातात राहावा, हा त्यांचा आग्रह होता. सरकार कर्जाला हमी देणार, पण कर्ज द्यायचं की नाही हे गावातली बँक ठरवणार. 1947 मध्ये मिसिसिपीतल्या 13 शहरांमधली हमीची कर्जं मोजली गेली. 3,200 च्या वर कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना किती मिळाली? दोन. एकाच युद्धात लढून आलेली माणसं ही! कुणाचा मध्यमवर्ग घडला, ते आधी सांगा.

सातासमुद्रापार

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बरीच वर्षं राहतेय, म्हणून लिहिते. युद्धानंतर सैनिकांसाठी उभी राहिलेली लेविटाऊन ही घरांची वसाहत इथून जवळच. 1947 च्या आधी तिथे बटाट्याची शेतं होती. लेविट कंपनीने घर बांधण्याचे 27 टप्पे पाडले. एक टोळी फक्त पाया ओतणार, दुसरी फक्त रंग देणार, आणि पुढच्या घराकडे जाणार. चार खोल्यांचं घर, 1949 मध्ये किंमत 7,990 डॉलर. सैनिकाला घर घेताना सुरुवातीला पदरचे पैसेही भरावे लागत नसत. आज त्या रस्त्यांवरून गेलं तर मूळ रूपातलं घर शोधावं लागतं. कुणी माडी चढवलीय, कुणी मागे खोली काढलीय. पिंपळपान म्हणतात ती चढती कमान तिथे डोळ्यांना दिसते.

पण सुरुवातीला ही घरं भाड्याने दिली जात, त्या भाडेकराराचं 25 वं कलमही वाचा. घरात गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. त्यालाच जोडून पुढचं वाक्य: गोरे नसलेले घरगडी ठेवायला हरकत नाही. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

ओसरी

बायकांचं कुणीच बोलत नाही. लष्कराची विमानं चालवणाऱ्या हजारावर बायका होत्या, 38 जणी मेल्या. त्यांना नागरी कर्मचारी ठरवून या कायद्याबाहेर ठेवलं. सैनिक म्हणून मान्यता मिळाली 1977 मध्ये!

पिंपळपान

कातरवेळ, मिसिसिपीचं उदाहरण घेतलंत म्हणून त्याच राज्यातलं एक देतो. मेडगर एव्हर्स, कृष्णवर्णीय सैनिक. युद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडीत होते. 1946 मध्ये डेकेटर गावात मतदानाला गेले, तर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने परत पाठवलं. पुढे याच जी.आय. बिलावर ते अल्कॉर्न कॉलेजात शिकले, 1952 मध्ये पदवीधर झाले आणि नागरी हक्कांच्या लढ्यात उतरले. कायदाच नसता तर? अर्धीमुर्धी का होईना, फट पडली ना? ओसरी, तुमचा मुद्दा मान्य. माझ्याकडून तो राहूनच गेला होता.

कातरवेळ

एव्हर्स यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ज्या कॉलेजात ते गेले ते कृष्णवर्णीयांसाठी वेगळं ठेवलेलं. 1954 मध्ये मिसिसिपी विद्यापीठात कायदा शिकायला अर्ज केला, तो फेटाळला गेला. फट पडली, पण दार कुणाच्या ताब्यात होतं?

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव 1924 चा, आणि तरीही 1927 मध्ये बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं. त्याच बाबासाहेबांनी 1946 मध्ये, म्हणजे आपण बोलतोय त्याच काळात, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांची आणि तिथल्या निग्रोंची स्थिती फार सारखी आहे, असं त्यात म्हटलंय. तिथले लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत असं कळल्यावर त्यांनी त्याच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांचं सहानुभूतीचं उत्तरही आलं. एवढ्या लांबून त्यांना जे दिसलं, ते आपण कौतुकाच्या भरात विसरू नये.

सातासमुद्रापार

एक भर. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घरांच्या व्यवहारातल्या असल्या वर्णभेदी अटी कोर्टांना अमलात आणता येणार नाहीत. लेविटाऊनच्या कागदावरून ते कलम गेलं. कंपनीने कृष्णवर्णीय सैनिकांना घरं मात्र त्यानंतरही विकली नाहीत.