लाळेतला विषाणू पोलराइज्ड प्रकाशात दिसेल का?

प्रकल्पवाला: कॉलेजच्या मायक्रोस्कोपला पोलरायझर आणि अ‍ॅनालायझर बसवलेत (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणारे दोन फिल्टर, एक नमुन्याखाली, एक वर). लाळेचा थेंब, वर कव्हरस्लिप, ४०एक्स. दोन्ही काटकोनात आणले की काळ्यावर ठिपके चमकतात. काही लांबट, काहींवर क्रॉस. यातले विषाणू कोणते?

भिंगकर: एकही नाही. क्रॉसवाले स्टार्चचे दाणे, म्हणजे ग्लोव्हजची पावडर किंवा पोळीवरचं कोरडं पीठ. लांबट ते टिश्यूपेपरचे किंवा कपड्याचे तंतू. कव्हरस्लिप प्लास्टिकची असेल तर तीही उजळते, काचेची वापरा. नुसतं गाळलेलं पाणी लावून एक स्लाइड बघा, निम्मे ठिपके तिथंही सापडतील.

आकार लहान ही अडचण आहेच (करोनाविषाणू साधारण १०० नॅनोमीटर), पण खरी मेख वेगळी. चमक येते ती दोन दिशांच्या अपवर्तनांकातला फरक गुणिले जाडी यावर. फरक ०.०१ धरला तरी १०० नॅनोमीटरला हिशोब १ नॅनोमीटरचा. त्यात कण गोल, म्हणजे तोही जवळपास शून्यावर येतो. सांध्याच्या पाण्यातले (गाउट रोगातले) युरेटचे स्फटिक याच जोडणीत लखलखतात, कारण त्यांच्यात हा फरक मोठा असतो आणि ते कित्येक मायक्रॉन लांब असतात.

प्रकल्पवाला: मग पोलरायझेशन वापरून विषाणू शोधतात ते कसं?

सुवर्णकण: विषाणूला सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवून, डार्कफील्डमध्ये (म्हणजे थेट प्रकाश अडवून फक्त विखुरलेला बघायचा). ४० नॅनोमीटरचा सुटा गोल कण प्रकाश विखुरतो, पण ध्रुवीकरण फारसं बिघडवत नाही, म्हणून अ‍ॅनालायझर आडवा केला की विझतो. कणांवर लावलेल्या अँटीबॉडीमुळे (विषाणूला नेमकं पकडणारं प्रथिन) एकाच विषाणूवर चारपाच कण जवळजवळ बसले की तो पुंजका मात्र चमकत राहतो.

फसतं ते मिठामुळे. सायट्रेटवालं सोनं (सायट्रेटच्या विद्युतभारामुळे कण सुटे राहतात ते) लाळेतल्या क्षारांनी आपोआप गोळा होतं आणि विषाणू नसताना पुंजके दिसतात. अँटीबॉडी लावून झाली की १ टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातलं प्रथिन) उरलेली जागा झाका, थोडं पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावण) टाकून अर्धा तास ठेवा. लालच राहिलं तर ठीक, जांभळं झालं तर फेका. लाळ सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्या, १:१० पातळ करा. सोबत तुलनेसाठी दोन कंट्रोल हवेतच: विषाणू नसलेली लाळ, आणि भलत्याच अँटीबॉडीचं सोनं. १००एक्स ऑइल ऑब्जेक्टिव्हला आयरिस (आतली झडप) नसेल तर पार्श्वभूमी काळी होत नाही, तासन्‌तास कंडेन्सरशी झटापट होते. आणि कॉलेजात जिवंत विषाणू नको, व्हायरस-लाइक पार्टिकल (विषाणूचं नुसतं कवच, आत जनुकं नाहीत) मागवा.

तुतीपान: सोन्याशिवाय विषाणूचं काही बघायचं तर ग्रासरी (विषाणूमुळे होणारा रोग) झालेल्या रेशीमअळीचं दुधाळ रक्त घ्या. त्यातले पॉलिहेड्रा (विषाणू आत बंद असलेले प्रथिनाचे स्फटिक) काही मायक्रॉनचे, साध्या ४०एक्सवर दिसतात. गंमत म्हणजे आडव्या पोलरायझरमध्ये ते अंधारातच राहतात, कारण स्फटिकरचना घन वर्गातली, सगळ्या दिशांनी सारखी.

उलट तंबाखूचा मोझॅक विषाणू: ३०० बाय १८ नॅनोमीटरची काडी. रोगट पानांचा रस सेंट्रिफ्यूज करून हरितकण आणि स्टार्च आधी काढा, मग काटकोनातल्या दोन पोलरायझरमधून, त्यांच्याशी ४५ अंशात वाहू द्या. काड्या प्रवाहाच्या दिशेने रांगेत येतात आणि रस उजळतो. हे १९३० च्या दशकातच दाखवलंय. प्रवाह थांबवला की पुन्हा अंधार.