मदत हवी आहे : सीसीटीव्ही आणि हॉस्पिटलच्या आयटीतून सायबर सुरक्षेत यायचंय, जुना अनुभव कसा मांडू?

नमस्कार. धागा चुकीच्या विभागात असेल तर कृपया हलवावा.

मी नागपूरचा, वय ३०. २०१६ ला बीएस्सी झालो आणि सीताबर्डीतल्या एका दुकानाकडून तीन वर्षं सीसीटीव्ही बसवले. त्यानंतर सहा वर्षं एका खाजगी हॉस्पिटलच्या आयटीत आहे. प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळं आम्ही दोघंच बघतो. गेल्या दीड वर्षात रात्री अभ्यास करून सिक्युरिटी प्लस हे सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळवलं, घरच्या जुन्या पीसीवर वाझू हे देखरेखीचं मोफत सॉफ्टवेअर टाकून लॉग (यंत्रणांमधल्या घडामोडींच्या नोंदी) वाचायला शिकलो.

मागच्या महिन्यात एसओसी (कंपनीच्या यंत्रणांवर चोवीस तास नजर ठेवणारा सुरक्षा विभाग) अॅनालिस्टच्या जागेसाठी मुलाखत झाली. विंडोजमधला ४६२५ इव्हेंट म्हणजे फसलेलं लॉगिन, एकाच आयपीवरून अनेक खात्यांवर तो दिसला तर पासवर्ड स्प्रेचा (तोच पासवर्ड अनेक खात्यांवर लावून बघण्याचा) संशय घ्यायचा, हे नीट सांगितलं. मग त्यांनी बायोडेटा चाळला आणि म्हणाले, "रिलेव्हंट अनुभव शून्य दिसतोय." पुढचा प्रश्न : रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलंय, फायनान्स हेडला दोन मिनिटांत समजावून सांगा. तिथे मी इंग्रजीत अडखळलो आणि मुलाखत संपली.

एका हितचिंतकाने सल्ला दिला की सीसीटीव्हीची तीन वर्षं बायोडेटातून काढूनच टाक. मला ते पटत नाही. कारण सांगतो, थोडं लांबेल.

इतवारीतल्या एका दुकानात चोरी झाली होती. फुटेज काढायला गेलो तर डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं) घड्याळ ११ मिनिटं पुढे. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात माणूस बाहेर पडून गेलेला, आणि आमच्या कॅमेऱ्यात तो त्यानंतर आत शिरताना दिसतो! दोन्ही रेकॉर्डिंग खरी, पण एकत्र ठेवली की खोटी वाटावीत. तेव्हापासून फुटेजला हात लावण्याआधी डीव्हीआरचा स्क्रीन आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्यायची सवय लागली. पुढे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचले. घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा, आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (सरकारी आयटी केंद्र) किंवा एनपीएलच्या (देशाची प्रमाणवेळ राखणारी प्रयोगशाळा) सर्व्हरशी जुळवा. ऑफिसात बाकीच्यांना घड्याळाचा मुद्दा कागदी वाटला. मला इतवारी आठवली.

दुसरा प्रसंग हॉस्पिटलमधला. अकाउंट्समधल्या काकूंना सप्लायरच्या नावाने मेल आला, "आमचं बँक खातं बदललं आहे." त्यांनी पैसे पाठवले. वीस मिनिटांनी सप्लायरला फोन केला तेव्हा कळलं की खातं बदललेलंच नाही. काकू साहेबांकडे न जाता आधी माझ्याकडे आल्या. "बेटा, माह्या हातून चूक झाली वाटते. कोणाले सांगू नको." मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, फक्त व्यवहाराची वेळ आणि यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक) विचारला. लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) आणि बँकेला फोन केला. बरीचशी रक्कम पुढच्या खात्यातच गोठवली गेली. मग त्यांचा मेलबॉक्स उघडला तर आत एक नियम लावलेला, सप्लायरचे खरे मेल थेट आरएसएस फीड्सच्या, म्हणजे सहसा कुणी न उघडणाऱ्या, फोल्डरमध्ये जात होते. म्हणजे काकूंचं मेलचं खातं आधीच दुसऱ्याच्या ताब्यात होतं. नियम काढला, पासवर्ड बदलला, आधीपासून चालू असलेली सगळी लॉगिन बंद केली, ओटीपीची दुसरी पायरी लावली. साहेबांना सांगायला मी काकूंबरोबर गेलो.

काकू घाबरून संध्याकाळपर्यंत गप्प बसल्या असत्या तर एक रुपया हाती लागला नसता. त्या माझ्याकडे आल्या, कारण सहा वर्षांत कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं म्हणून मी कधी कुणावर ओरडलो नाही. हे कौशल्य बायोडेटाच्या कोणत्या रकान्यात लिहायचं?

शिवाय पुण्यात कमी पगारावर, रात्रपाळीची एल-वन (सर्वांत खालच्या पायरीची) एसओसीची नोकरी मिळण्याची शक्यता आहे. आई इथे एकटी आहे. इथेच नागपूरच्या मिहानमध्ये (आयटी कंपन्यांचा भाग) संधीची वाट पाहावी का? आणि इंग्रजीत समजावून सांगायची तयारी कशी करू? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सीसीटीव्ही अजिबात काढू नका. "संवादकौशल्य उत्तम" असंही लिहू नका, ते सगळेच लिहितात. प्रसंग लिहा : "बनावट मेलमुळे झालेला व्यवहार, अर्ध्या तासाच्या आत कळवला, मेलबॉक्समधला लपवलेला नियम शोधला." हॉस्पिटलचं नाव आणि रक्कम मात्र नको. मुलाखत घेणारा तेही बघतो की हा माणूस आमच्याही गोष्टी बाहेर सांगेल का.

फायनान्स हेडला तीनच वाक्यं लागतात : काय झालं, कोणतं काम थांबलं, तुमच्याकडून कोणता निर्णय हवा. आधी काकूंना सांगाल तसं मराठीत बोला. तोच क्रम ठेवून इंग्रजीत बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. अडचण बहुधा भाषेची नसून क्रमाची असते.

प्रतिसाद २

माझं मत थोडं वेगळं. एल-वनच्या मागे धावण्याआधी ऑडिट आणि कम्प्लायन्सकडे (नियम पाळले जातात का हे तपासण्याच्या कामाकडे) बघा. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं (सुरक्षेचे उपाय) आहेत. ७.४ भौतिक सुरक्षेवरच्या देखरेखीचं, ८.१७ घड्याळं जुळवण्याचं. तुमची तीन वर्षं या दोन ओळींत बसतात. माणसं तुमच्याशी खरं बोलतात, ऑडिटमध्ये याहून जास्त काय लागतं? पुण्याचं मात्र आईला विचारूनच ठरवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ८.१७ माहीतच नव्हतं, दोनदा वाचलं. पुण्याबद्दल आईशी रविवारी बोलतो. काकूंना विचारून त्या प्रसंगाचा अर्ध्या पानाचा अहवाल आज मराठीत लिहिला, नाव-रक्कम काहीही न ठेवता. उद्या इंग्रजीत करून इथेच टाकतो. कृपया चुका काढा, कितीही निघाल्या तरी चालतील.